नकाशाचे मोल आणि कुलपाची किंमत

मोटारसायकलीत कारखान्यातच बसवून दिलेल्या नेव्हिगेशन यंत्रणेचा नकाशा अद्ययावत करायचा झाला तर मालकाने त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत, ही प्रथा अमेरिका आणि युरोपातील मोठ्या प्रवासी मोटारसायकलींच्या बाजारात चांगलीच रुळली आहे, आणि तिच्या समर्थनार्थ दिली जाणारी कारणेही तितकीच रुळलेली आहेत. नकाशा तयार करायला आणि राखायला अफाट खर्च येतो, तो कोणीतरी भरायलाच हवा, हे पहिले कारण. ज्याला नको त्याने घेऊ नये, खिशात फोन आहेच, हे दुसरे. रस्ते काही रोज बदलत नाहीत, त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या नकाशानेही काम भागते, हे तिसरे. आणि ज्याला पंचवीस-तीस हजार डॉलरची गाडी परवडते त्याला शंभर-दीडशे डॉलर जड जाऊ नयेत, हे चौथे. प्रत्येक कारणात सत्याचा काही अंश आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण चारही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, कारण रस्ते फारसे बदलत नसतील तर नकाशा राखण्याचा खर्च अफाट कसा, आणि फोनने सगळे भागत असेल तर गाडीतील यंत्रणेचे पैसे खरेदीच्या वेळी कशासाठी घेतले, या प्रश्नांना ही मांडणी उत्तर देत नाही.

वादाचा विषय नेमका कोणता, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोटारसायकलीवर नेव्हिगेशन तीन प्रकारे येते. पहिल्या प्रकारात हँडलवर वेगळे उपकरण बसवले जाते, जे काढून दुसऱ्या गाडीवरही लावता येते. दुसऱ्या प्रकारात फोनवरील नकाशाच गाडीच्या पडद्यावर उमटतो आणि गाडीचा पडदा केवळ आरशाचे काम करतो. तिसऱ्या प्रकारात उपग्रहांचे संकेत घेणारा संकेतग्राहक, पडदा, हँडलवरची बटणे आणि खुद्द नकाशा हे सगळे गाडीचेच अंग असते. नकाशा गाडीच्या स्मृतीत साठवलेला असल्यामुळे मोबाइलचे नेटवर्क नसतानाही तो चालतो. होंडाने २००६ च्या गोल्ड विंगमध्ये असे अंगभूत नेव्हिगेशन देऊ केले, आणि हार्ले-डेव्हिडसनच्या २०१४ च्या प्रवासी मालिकेत साडेसहा इंची पडद्यासह ते आले. प्रस्तुत विवेचन या तिसऱ्या प्रकारापुरते आहे, कारण नकाशा शिळा झाला तरी मालकाला उपकरण बदलण्याची सोय नाही, अशी अडचण याच प्रकारात उद्भवते.

खर्चाचा युक्तिवाद सर्वांत वजनदार, म्हणून त्याचाच विचार सविस्तर करावा लागतो. डिजिटल नकाशा हा पायाभूत माहितीच्या अनेक थरांनी बनतो आणि त्यातील सर्वांत खालचे थर सार्वजनिक पैशातून उभे राहिले आहेत. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी करदात्यांच्या पैशावर चालतात. नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम घातलेली अचूकतेची तूट २ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने काढून टाकण्यात आली, आणि त्यानंतरच सामान्य वाहनातील नेव्हिगेशनला खरा अर्थ आला. अमेरिकेतील रस्त्यांचा देशव्यापी आराखडा तिथल्या जनगणना खात्याने १९९० च्या जनगणनेसाठी 'टायगर' या नावाने संगणकावर उतरवला आणि तो सर्वांना विनामूल्य खुला आहे. या पायावर खासगी कंपन्यांनी मोलाची भर घातली, हे नाकारण्याचे कारण नाही: रस्ता एकेरी आहे की दुहेरी, कोणत्या चौकात डावीकडे वळता येत नाही, कोणत्या पुलाखालून उंच वाहन जात नाही, ही माहिती गाड्या फिरवून, माणसे नेमून गोळा करावी लागते. त्या श्रमांचे बाजारमूल्य किती मानले जात होते, हे नोकियाने २००८ मध्ये नॅव्हटेक ही नकाशा कंपनी सुमारे ८१० कोटी डॉलरना आणि टॉमटॉमने त्याच वर्षी टेली अ‍ॅटलस सुमारे २९० कोटी युरोंना विकत घेतली, यावरून कळते.

मात्र खर्चाचा युक्तिवाद मांडणारे इथेच थांबतात, आणि पुढे जे घडले त्याचा उल्लेख टाळतात. २८ ऑक्टोबर २००९ रोजी गूगलने फोनवर वळणावळणाची सूचना देणारे नेव्हिगेशन विनामूल्य जाहीर केले आणि त्याच दिवशी नेव्हिगेशन उपकरणे बनवणाऱ्या गार्मिन व टॉमटॉम यांचे समभाग जोरात घसरले. नोकियाने विकत घेतलेली नॅव्हटेक पुढे 'हिअर' या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि २०१५ मध्ये आउडी, बीएमडब्ल्यू व डाइमलर यांनी एकत्र येऊन ती सुमारे २८० कोटी युरोंना घेतली. सात वर्षांत किंमत इतकी खाली आली याचा अर्थ नकाशा निरुपयोगी झाला असा नाही. अर्थ एवढाच की नकाशाची माहिती पूर्वीसारखी दुर्मीळ राहिली नाही. शिवाय ती माहिती गोळा करण्याच्या श्रमांतही वाहनधारकांचा वाटा वाढत गेला. टॉमटॉमने २००७ पासूनच वापरकर्त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या नकाशात घेण्याची सोय केली होती, आणि रस्त्यांवरून जाणाऱ्या असंख्य उपकरणांच्या वेग-दिशेच्या नोंदींवरून नवा रस्ता कोठे सुरू झाला, जुना कोठे बंद पडला हे ओळखणे हा नकाशा कंपन्यांच्या कामाचा नित्याचा भाग झाला. ज्या प्रवाशांच्या हालचालींतून नकाशा ताजा राहतो त्याच प्रवाशांना ताजा नकाशा नव्याने विकला जातो, ही गोष्ट खर्चाच्या हिशेबात कोठेही दिसत नाही.

अर्थशास्त्रात स्थिर खर्च आणि सीमांत खर्च असा भेद केला जातो: उत्पादन एकदा उभे करायला लागणारा खर्च तो स्थिर, आणि त्याची आणखी एक प्रत काढायला लागणारा तो सीमांत. नकाशाचा स्थिर खर्च मोठा आहे, पण तो मालवाहतूक कंपन्या, मोटार उत्पादक, सरकारी खाती आणि फोनवरील सेवा अशा अनेक ग्राहकांत वाटला जातो. एखाद्या मोटारसायकलस्वाराने नवा नकाशा घेतला काय किंवा न घेतला काय, सर्वेक्षणाची गाडी त्या रस्त्यावर जायची ती जातेच. त्याच्या वाट्याची प्रत उतरवून देण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य आहे. असे असताना अमेरिकेत अंगभूत यंत्रणेच्या एका वेळच्या अपडेटची किंमत अनेकदा शंभर डॉलरच्या वर असते, ती कशाच्या आधारे ठरते? तुलनेसाठी २००९ चे उदाहरण पुरेसे आहे. त्या वर्षी गार्मिनने आपल्या सुट्या उपकरणांसाठी उपकरणाच्या उपयुक्त आयुष्यभर, वर्षाला चार वेळांपर्यंत, नवा नकाशा देणारी योजना ११९.९९ डॉलरना आणली. पुढे कित्येक उपकरणांत ही आजीवन सोय मूळ किमतीतच समाविष्ट झाली. बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकलींसाठी गार्मिनने बनवलेल्या नॅव्हिगेटर ५ या उपकरणाबरोबर आजीवन नकाशे दिले जात होते. पावसापाण्यात टिकणारे, हातमोजे घालून वापरता येणारे, मोटारसायकलीसाठीच घडवलेले उपकरण आजीवन नकाशांसह विकणे व्यवहार्य आहे, हे याने सिद्ध झाले. तेव्हा फेअरिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या पुढच्या वातरोधक आवरणात, पक्क्या बसवलेल्या पडद्यासाठीच ते अशक्य का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

या ठिकाणी प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा पुढे येतो आणि त्याला न्याय द्यायला हवा. कच्ची माहिती स्वस्त झाली तरी ती प्रत्येक यंत्रणेच्या स्वतःच्या साच्यात रूपांतरित करावी लागते, त्या यंत्रणेच्या मर्यादित स्मृतीत बसवावी लागते आणि तपासावी लागते. मोटारींची संख्या लाखांत असते, पण एखाद्या प्रवासी मोटारसायकलीची संख्या त्या मानाने फार थोडी, त्यामुळे हा खर्च दरडोई जास्त पडतो. हे वास्तव आहे. परंतु हा खर्च निसर्गाने लादलेला नाही. स्वतःचा वेगळा, बंद साचा निवडण्याच्या उत्पादकाच्या निर्णयातून तो उद्भवतो. मोटार उद्योगाने नेव्हिगेशनच्या माहितीसाठी समाईक मानक तयार करणारी संघटना २००९ मध्येच स्थापन केली, आणि एकच नकाशा अनेक यंत्रणांवर चालावा, त्याचे तुकड्यातुकड्याने नूतनीकरण करता यावे, हाच तिचा हेतू होता. ज्या उत्पादकाने तरीही वेगळी वाट धरली, त्याला गाडी विकताना ठाऊक होते की हा नकाशा दर वर्षी शिळा होणार आणि तो ताजा करायला अमुक खर्च येणार. ग्राहकाला मात्र ते ठाऊक नव्हते. ज्याने निर्णय घेतला त्याच्याकडून खर्च उचलून ज्याला निर्णयाची कल्पनाही नव्हती त्याच्या माथी तो मारणे, हे खर्चाचे समर्थन होऊ शकत नाही.

शिवाय या व्यवहारात श्रम कोणाचे असतात, तेही पाहण्यासारखे आहे. मालकाला आधी संगणकावर कित्येक गिगाबाइटची फाइल उतरवून घ्यावी लागते, ती ठरावीक पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर चढवावी लागते, मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीच्या कप्प्यातील यूएसबीच्या खोबणीत तो ड्राइव्ह लावावा लागतो. इंजिन बंद आणि विद्युतपुरवठा चालू अशा अवस्थेत गाडी बराच वेळ ठेवावी लागत असल्याने बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर जोडावा लागतो. मध्येच वीज गेली किंवा ड्राइव्ह हलला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काही यंत्रणांत गाडीच्या चासिस क्रमांकाशी बांधलेला संकेतांक दिल्याशिवाय नकाशा उघडत नाही, आणि तोच नकाशा त्याच मालकाच्या दुसऱ्या गाडीवर चालत नाही. उतरवणे, चढवणे, राखण करणे ही सर्व कामे ग्राहक करतो आणि शेवटी ज्याचे पैसे देतो तो असतो केवळ तो संकेतांक.

शीर्षकातील कुलूप हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या फाइस्ट खटल्यात निव्वळ तथ्यांवर कोणाचा लेखाधिकार असू शकत नाही, असा निर्णय दिला. अमुक रस्ता अमुक ठिकाणी आहे हे तथ्यच आहे. युरोपात १९९६ च्या निर्देशाने माहितीसंचावर पंधरा वर्षांचा स्वतंत्र हक्क निर्माण केला, पण तिथेही संरक्षण मिळते ते माहिती गोळा करण्यातील गुंतवणुकीला. तेव्हा नकाशावरची खरी पकड येते ती तांत्रिक अडसरांतून, आणि त्या अडसरांना कायद्याचे पाठबळ आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल लेखाधिकार कायद्यानुसार असे तांत्रिक अडसर ओलांडणेच बेकायदेशीर ठरते. वाहनांच्या दुरुस्तीसाठी २०१५ मध्ये त्यातून सवलत देण्यात आली, तेव्हा करमणूक आणि दूरसंपर्काच्या यंत्रणा, ज्यांत नेव्हिगेशन मोडते, मुद्दाम बाहेर ठेवण्यात आल्या. २०१८ मध्ये ती मर्यादा सैल झाली, तरी दुरुस्तीच्या निमित्ताने दुसऱ्याच्या लेखाधिकारातील मजकूर विनापरवाना उघडण्याची मुभा मिळाली नाही. म्हणजे गाडी मालकाची, पडदा मालकाचा, संकेतग्राहकही मालकाचा. परंतु त्या पडद्यावर दुसऱ्या कोणाचा, अगदी फुकट मिळणारा, नकाशा लावण्याचा मार्ग त्याला बंद.

इथून दुसऱ्या युक्तिवादाकडे, म्हणजे ग्राहकाच्या निवडीकडे वळता येते. बाजारात स्पर्धा आहे, एका उत्पादकाचे नकाशे महाग वाटले तर ग्राहकाने दुसऱ्याची गाडी घ्यावी, असे म्हटले जाते. हाच युक्तिवाद कोडॅक कंपनीने आपल्या छायाप्रत यंत्रांच्या सुट्या भागांबाबत केला होता: यंत्रांच्या बाजारात आपली मक्तेदारी नाही, सबब सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या बाजारातही असू शकत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तो तसाच मान्य करण्यास नकार दिला. यंत्र विकत घेताना त्याच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च ग्राहकाला क्वचितच काढता येतो, आणि एकदा यंत्र घेतले की ते बदलण्याचा खर्च इतका मोठा असतो की विक्रेता सुट्या भागांची किंमत वाढवू शकतो, हे न्यायालयाने त्या वेळी लक्षात घेतले. भारतातही हा प्रश्न याच अंगाने हाताळला गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा मोटार उत्पादकांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. गाडी आणि तिचे सुटे भाग हा एकच बाजार मानावा, हे उत्पादकांचे म्हणणे आयोगाने फेटाळले. त्या आदेशावर पुढे अपिले झाली, आणि तो चारचाकींच्या भागांविषयी होता, नकाशांविषयी नव्हता. पण त्यातील विचार नकाशाला अधिकच लागू पडतो, कारण ब्रेकचा पर्यायी भाग निदान कोणीतरी बनवू शकतो, संकेतांकाने बांधलेल्या नकाशाला पर्याय बनवण्याची सोयच नाही.

स्पर्धेने ही गोष्ट आपोआप का सुधारत नाही, याचे स्पष्टीकरण झाव्हिये गाबे आणि डेव्हिड लाइबसन या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मांडलेल्या विवेचनात सापडते. मुख्य वस्तूची किंमत सर्वांना दिसते आणि पूरक वस्तूची किंमत झाकलेली राहते, अशा बाजारात विक्रेत्यांना ते झाकण दूर करण्यात फायदा नसतो, स्पर्धा तीव्र असली तरीही. कारण जो जाणता ग्राहक आहे तो पूरक खर्च टाळण्याची युक्ती शोधतो आणि अजाण ग्राहकाच्या खर्चावर मुख्य वस्तू स्वस्तात पदरात पाडून घेतो. मोटारसायकलीच्या नेव्हिगेशनला हे तंतोतंत लागू होते. जो जाणता आहे तो फोनकडे वळतो. वयस्क, तंत्राची फारशी सवय नसलेला किंवा जुनी गाडी विकत घेतलेला स्वार पैसे भरतो, नाहीतर शिळ्या नकाशावर गाडी चालवतो.

फोनकडे वळणे हाही वाटते तितका निर्दोष मार्ग नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने स्वतःच इशारा दिला की मोटारसायकलीच्या शक्तिशाली इंजिनाची तीव्र कंपने हँडलवर थेट बसवलेल्या आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाच्या यंत्रणेला बाधा पोहोचवू शकतात. उन्हात फोन तापून मंदावतो, पावसात पडदा बोटाला दाद देत नाही, जाड हातमोज्यांतून तो चालवणे कठीण जाते आणि डोंगराळ भागात नेटवर्क गेले की आधी उतरवून न ठेवलेला नकाशा कोरा पडतो. फोन खिशात ठेवून त्याचे चित्र गाडीच्या पडद्यावर आणणारी कारप्ले ही सोय २०१८ च्या गोल्ड विंगने मोटारसायकलींमध्ये प्रथम आणली, आणि तीही हेल्मेटमधील हेडसेट जोडल्याशिवाय सुरू होत नाही. त्या आधीच्या, २००६ ते २०१७ या काळातील गाड्यांच्या पडद्यावर फोनचा नकाशा येतच नाही. ज्या अडचणी टाळण्यासाठी ग्राहकाने अंगभूत यंत्रणेचे पैसे भरले, त्याच अडचणींकडे त्याला परत जायला सांगणे, हा त्याच्या तक्रारीवरचा उपाय नव्हे.

रस्ते बदलत नाहीत, हे विधान तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. २६ मार्च २०२४ रोजी एका मालवाहू जहाजाची धडक बसून बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला आणि शहराला वळसा घालणाऱ्या ६९५ क्रमांकाच्या महामार्गाचा तुकडाच नाहीसा झाला. वाहतुकीची थेट माहिती न मिळणारी, २०२३ चा नकाशा बाळगणारी यंत्रणा आजही त्या पुलावरून मार्ग काढील. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या महामार्गांवरील बहिर्गमनांचे, म्हणजे महामार्गावरून बाहेर पडण्याच्या फाट्यांचे, जुने ओळीने दिलेले क्रमांक बदलून मैलांनुसार नवे क्रमांक दिले. जुना नकाशा कानात एक क्रमांक सांगतो आणि पाटीवर दुसराच दिसतो, आणि हे घडते ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने तीन मार्गिका ओलांडून बाहेर पडायच्या क्षणी. मोटारीच्या चालकाने अशा वेळी गोंधळून ब्रेक दाबला तर तो पत्र्याच्या आत असतो. दुचाकीस्वाराला ते कवच नाही, आणि म्हणून नकाशाच्या चुकीची शिक्षा त्याला अधिक कठोर होते.

इंधनाचेही असेच. नेव्हाडातून जाणाऱ्या ५० क्रमांकाच्या महामार्गावर ऑस्टिन ते युरेका हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आणि युरेका ते इली सुमारे १२५ किलोमीटर आहे, आणि मध्ये वस्ती जवळजवळ नाही. भरलेल्या टाकीवर मोठी प्रवासी मोटारसायकल दोन्ही अंतरे सहज कापते. पण अर्धी टाकी असताना पुढचा पंप कोठे, हे यंत्रणेला विचारले आणि तिने बंद पडलेल्या पंपाकडे नेले, तर पुढच्या गावापर्यंत पोहोचण्याचा हिशेब पार कोलमडतो. नेव्हिगेशनच्या परिभाषेत पेट्रोल पंप, रुग्णालये, दुरुस्तीची दुकाने, मुक्कामाच्या जागा यांना 'पॉइंट्स ऑफ इंटरेस्ट' म्हणतात, आणि नकाशातील हाच भाग रस्त्यांपेक्षा कितीतरी लवकर शिळा होतो. चार वर्षांपूर्वीच्या नकाशाने काम भागते असे म्हणणाऱ्यांनी रस्त्यांची रेघ तेवढी पाहिली आहे. त्या रेघेवर स्वाराला कशाकशाची गरज पडते, ते पाहिलेले नाही.

चौथा युक्तिवाद, परवडण्याचा, खरे तर उत्तराच्या योग्यतेचा नाही, कारण पैसे देणाऱ्याच्या ऐपतीवरून किमतीचा न्याय ठरत नाही. तरी त्यातील एक गृहीतक चुकीचे आहे ते सांगितले पाहिजे. या गाड्या पंधरा-वीस वर्षे चालतात आणि त्या काळात अनेक हातांतून जातात. तिसऱ्या मालकाने गाडी मूळ किमतीच्या लहानशा भागात घेतलेली असते, पण अपडेटची किंमत त्याच्यासाठी उतरत नाही. आणि अनेकदा त्याला किंमत मोजूनही काही मिळत नाही, कारण तोवर उत्पादकाने त्या पिढीच्या यंत्रणेसाठी नकाशे काढणेच थांबवलेले असते. पैसे घेऊन अपडेट देण्याच्या प्रथेचे समर्थन करणाऱ्यांनी या शेवटच्या अवस्थेचाही जबाब द्यायला हवा: बाजारपेठ फायद्याची असेतोवर कुलपाची किल्ली विकायची, आणि ती तशी उरली नाही की किल्ली फेकून द्यायची पण कुलूप तसेच ठेवायचे, याला सेवा म्हणता येत नाही.

कायद्याचा विचार या दिशेने सरकू लागला आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या वस्तुविक्रीविषयक निर्देशाने, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, डिजिटल घटक असलेल्या वस्तू असा एक वर्ग मान्य केला आहे. अशी वस्तू कराराप्रमाणे राहावी यासाठी लागणारी अपडेट्स, ग्राहकाने वाजवीपणे अपेक्षा करावी तितक्या काळापर्यंत पुरवणे हे त्याने विक्रेत्याचे कर्तव्य ठरवले. आणि वस्तूशी निगडित डिजिटल सेवांची उदाहरणे देताना नेव्हिगेशन यंत्रणेला अखंड मिळणाऱ्या वाहतुकीच्या माहितीचा नाव घेऊन उल्लेख केला. नकाशाची प्रत्येक नवी आवृत्ती या कर्तव्यात मोडते की नाही, यावर कायदेपंडित वाद घालतील. परंतु ज्या तत्त्वावर निर्देश उभा आहे, ते या विवेचनाच्या केंद्रस्थानी असलेल्या तत्त्वापेक्षा वेगळे नाही: विकलेल्या वस्तूचा जो भाग काळाबरोबर आपोआप खोटा होत जातो, तो खरा ठेवण्याची जबाबदारी वस्तू विकण्याबरोबर संपत नाही.

भारतातील, आणि विशेषतः महाराष्ट्रातील, वाचकाला हा दूरदेशीचा वाद वाटण्याचा संभव आहे, कारण इथे दुचाकीवरील नेव्हिगेशन बहुतांशी फोनच्या आधारानेच आले. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतासाठी दुचाकीचा स्वतंत्र मार्गपर्याय दिला. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मीटिऑर ३५० बरोबर आणलेली ट्रिपर ही गोल तबकडी फोनमधील सूचनाच दाखवते, आणि २०२३ च्या हिमालयन ४५० च्या पडद्यावर संपूर्ण नकाशा दिसतो तोही फोनकडूनच. या मार्गाने भारतीय स्वार पैसे भरून नकाशा घेण्याच्या सापळ्यातून सुटला, ही जमेची बाजू. मात्र दुचाकीचा नकाशा ताजा आणि नेमका असण्याची गरज इथे कमी नाही: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही ती आहे, आणि असा मार्ग सुचवणारा नकाशा स्वाराला थेट टोलनाक्यावरून परत फिरवतो किंवा दंडाला पात्र करतो. आज भारतीय दुचाकींमध्ये वेगवेगळ्या सॉफ्टवेअर सोयी स्वतंत्र किंमत लावून विकण्याची पद्धत रुजते आहे. तेव्हा गाडीच्या किमतीत काय आले आणि काय आले नाही, हा प्रश्न इथल्या ग्राहकाने आत्ताच विचारायला हवा.

शेवटी एका आक्षेपाचा परामर्श घेणे उरते, आणि तो प्रामाणिक आक्षेप आहे. फुकट नकाशा फुकट नसतो. फोनवरील सेवा स्वाराच्या हालचालींची माहिती आणि जाहिराती यांवर चालतात, आणि स्वतः किंमत देऊन घेतलेला नकाशा निदान माणसाचा माग काढून विकत नाही, असे म्हणणारे चुकीचे बोलत नाहीत. पण यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. नकाशाची किंमत असू नये, असे कोणी म्हणत नाही; ती गाडीच्या किमतीत, उघडपणे, विक्रीच्या वेळीच असावी. गाडीच्या किंमतपत्रकावर नकाशाची तारीख छापलेली असावी, आणि त्याशेजारी किती वर्षे नवे नकाशे जादा पैशांशिवाय मिळतील तो आकडा असावा, म्हणजे दहा वर्षे देणारा आणि दोन वर्षे देणारा यांच्यातली स्पर्धा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर होईल. ती मुदत संपल्यावर, किंवा उत्पादकाने त्या यंत्रणेला नकाशे पुरवणे थांबवल्यावर, नकाशाचा साचा खुला करावा. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा माहितीसंच जगभरच्या स्वयंसेवकांनी उभा केला आहे, २००७ मध्ये अमेरिकेच्या 'टायगर' माहितीची त्यात भर पडली, आणि त्यापासून तयार केलेले नकाशे गार्मिनच्या सुट्या उपकरणांवर लोक कित्येक वर्षे विनामूल्य वापरत आले आहेत. फेअरिंगमधल्या पडद्यावर तेच करू देण्यासाठी उत्पादकाला नवा सर्वेक्षक नेमावा लागत नाही की एक मैल रस्ता मोजावा लागत नाही. गाडीच्या स्मृतीतील नकाशा कोणत्या रचनेत साठवला आहे त्याचे दस्तऐवज प्रसिद्ध करावे लागतात आणि चासिस क्रमांकाची अट काढावी लागते.